गाडीतलं चुंबकीय क्षेत्र कसं मोजावं: नागपूरकरांसाठी पहिल्या पायरीपासून

गाडीतलं चुंबकीय क्षेत्र मोजायचं मनात असेल, तर आधी मोबाईलमधलं ते 'ईएमएफ डिटेक्टर' नावाचं लाल-हिरव्या काट्याचं ॲप बंद करा. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तसे अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे व्हिडिओही वाढले. कुणीतरी डॅशबोर्डवर फोन धरतो, काटा लाल होतो, आणि खाली लगेच प्रश्न येतो: "काहून जी, आपल्या गाडीत तर सत्तर दाखवून राहिलं, मर्यादा तर शून्य पॉइंट चार आहे म्हणते!" सत्तर हा आकडाही खरा आहे आणि ०.४ सुद्धा. पण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत आणि त्यांची तुलना होऊच शकत नाही. कोणता आकडा कशाचा, हे कळलं की निम्मी भीती तिथेच संपते. उरलेल्या निम्म्यासाठी खरोखर मोजता येतं.

हा लेख ज्यांनी असं काही कधी मोजलं नाही त्यांच्यासाठी आहे. शाळेतलं विज्ञान थोडंफार आठवत असलं तरी पुरे. एक सकाळ, सोबत एक माणूस आणि एक वही लागेल.

पायरी १: तीन गोष्टी आधी वेगळ्या करा

पहिली गोष्ट, स्थिर चुंबकीय क्षेत्र. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र नागपुरात साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). होकायंत्राची सुई त्याच्यामुळेच उत्तर दाखवते. गाडीचं पोलाद आणि दारातल्या स्पीकरचं चुंबक यांच्यामुळे ते गाडीत कुठे कमी, कुठे जास्त होतं, आणि स्पीकरच्या जाळीला फोन टेकवला तर आकडा एकदम शेकड्यांत जातो. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर मुख्यतः हेच क्षेत्र दाखवतो. ग्रुपवरचे ते 'सत्तर' म्हणजे थोडी पृथ्वी आणि थोडं लोखंड, एवढंच.

दुसरी गोष्ट, कमी वारंवारतेचं बदलतं क्षेत्र. हे सेकंदाला काही वेळा ते काही हजार वेळा वरखाली होतं. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा बदलणारी. गाडीत ब्लोअरची मोटर, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र), पेट्रोलचा पंप आणि फिरते टायर (कसे, ते पायरी ५ मध्ये) ही त्याची उगमस्थानं. तो ०.४ चा आकडा या प्रकाराचा आहे आणि हा लेखही बराचसा त्याच्याबद्दलच आहे.

तिसरी, रेडिओ लहरी. मोबाईल, ब्लूटूथ, वायफाय. त्यांचं एकक वेगळं, यंत्र वेगळं, मर्यादाही वेगळ्या. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

पायरी २: यंत्राला काय ऐकू येतं ते तपासा

बदलतं क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राला गॉसमीटर म्हणतात. बर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मल्टिमीटर हातोहात मिळतो, गॉसमीटर बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. घेताना रंग, डिस्प्ले आणि 'सिक्स इन वन'ची जाहिरात बाजूला ठेवा आणि माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा.

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वारंवारतेची कक्षा. स्वस्त मीटर बहुधा ३० किंवा ५० हर्ट्झपासून २००० हर्ट्झपर्यंतचंच पकडतात, कारण ते घरातल्या वायरिंगसाठी बनवलेले असतात. गाडीच्या टायरचं क्षेत्र २० हर्ट्झच्या खाली असतं. म्हणजे गाडीतला एक मोठा स्रोत अशा मीटरच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. मीटर शून्य दाखवेल, तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि त्या निश्चिंतीला काही आधार नसेल. ५ किंवा १० हर्ट्झपासून मोजणारा मीटर मिळाला तर उत्तम.

दुसरं, अक्ष. एका अक्षाचा मीटर एकाच दिशेचं क्षेत्र मोजतो. तो तीन दिशांना धरून तीन आकडे घ्यावे लागतात, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. ३, ४ आणि १२ आले तर खरा आकडा १३. तीन अक्षांचा मीटर हे गणित स्वतःच करतो. गाडीत, विशेषतः चालत्या गाडीत, तोच घ्या.

तिसरं, एकक. काही मीटर मिलीगॉस दाखवतात, काही मायक्रोटेस्ला. १० मिलीगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. इंटरनेटवरची निम्मी भांडणं या दहाच्या पटीवरून होतात, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हे ठळक लिहून ठेवा.

खर्च करायचा नसेल तर फोन अगदीच निरुपयोगी नाही, फक्त ॲप बदला. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप फोनच्या सेन्सरचे कच्चे आकडे आलेखावर दाखवतं. चुंबकीय क्षेत्राचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे, तेही दाखवतं. फोनचा सेन्सर बहुधा सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेतो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या खालचंच भरवशाने दिसतं. गंमत अशी की स्वस्त मीटर जिथे बहिरा, तिथेच फोनला ऐकू येतं. दोन्ही जवळ असतील तर दोघं मिळून काम भागवतात. फोनचं चुंबकवालं कव्हर काढा आणि डॅशबोर्डवरच्या चुंबकाच्या होल्डरला तो लावू नका, नाहीतर त्या चुंबकापुढे बाकी सगळं बुडून जाईल.

पायरी ३: वही आखा, जागा निवडा

प्रत्येक सीटसाठी चार ठिकाणं ठरवा: पायाशी, बसण्याच्या जागी, छातीशी, डोक्याशी. पाच सीटच्या गाडीत वीस रकाने होतात. कंटाळवाणं वाटतं, पण सगळा अर्थ याच रकान्यांत आहे. "गाडीत इतकं आहे" असं एकच वाक्य म्हणणाऱ्याने कुठे धरलं होतं हे विचारा. एकाच गाडीत पायाशी आणि डोक्याशी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जागा अशी हवी की जवळपास डीपी नाही, डोक्यावरून तारा नाहीत, शेजारी पंप किंवा जनरेटर नाही. अपार्टमेंटचं बेसमेंट पार्किंग अजिबात नको. तिथे भिंतीत मीटरचं पॅनेल असतं आणि इंजिन चालू ठेवून बंद जागेत बसणं हे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं. चुंबकीय क्षेत्राच्या चौकशीपायी हा धोका कुणी पत्करू नये. मोकळं मैदान बघा. मे महिन्यात मोजणार असाल तर सकाळी आठच्या आत उरका. पंचेचाळीस अंशांत डॅशबोर्डवर ठेवलेल्या मीटरचा डिस्प्ले काळा पडतो आणि फोन तापून सेन्सर भरकटतो.

गाडीपासून वीस-पंचवीस पावलं दूर जाऊन एक नोंद घ्या. ही त्या जागेची पार्श्वभूमी. मग गाडी पूर्ण बंद ठेवून आत तीच नोंद घ्या. दोन्ही जवळपास सारख्या आल्या तर जागा चांगली, नाहीतर गाडी थोडी पुढे न्या.

पायरी ४: उभ्या गाडीत एकेक गोष्ट चालू करा

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी नुसती चावी फिरवा. मग इंजिन सुरू करा. मग हेडलाइट. मग ब्लोअर एकवर, दोनवर, तीनवर, चारवर. मग एसी. मग स्टिअरिंग जागेवरच डावी-उजवीकडे फिरवा. शेवटी मागच्या काचेचा डीफॉगर. आपल्याकडे तो पावसाळ्याशिवाय कुणी लावत नाही, पण तो मागच्या सीटवाल्यांच्या डोक्यामागे असतो आणि बराच प्रवाह ओढतो, म्हणून एकदा बघून घ्या.

नागपूरकरांनी ब्लोअरवर खास लक्ष द्यावं. मार्च ते जून तो चारवरच असतो. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ब्लोअरची मोटर बहुधा ग्लव्हबॉक्सच्या मागे, म्हणजे पुढच्या डाव्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यासमोर असते. मान म्हणून आजीला पुढे बसवतो, ती याच सीटवर. मीटर ग्लव्हबॉक्सच्या खालच्या कडेला धरा, मग हळूहळू सीटकडे आणा. आकडा किती झपाट्याने घसरतो ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल. छोट्या मोटरचं क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने कमी होतं, एक वीत मागे सरकल्यावर चित्र पालटतं. ड्रायव्हरच्या बाजूला गुडघ्यांपाशी फ्यूजबॉक्स आणि, बऱ्याच लहान गाड्यांत, पॉवर स्टिअरिंगची मोटर असते. ती गाडी जागेवर वळवताना जोर लावते आणि सरळ रस्त्यावर जवळपास गप्प असते. मागच्या सीटखाली टाकीत पेट्रोलचा पंप असतो, तो इंजिन चालू असेपर्यंत चालूच.

आता मूळ कारणाकडे. घरात फेज आणि न्यूट्रल या दोन तारा एकाच पाइपातून शेजारी-शेजारी जातात. एकीतून प्रवाह जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो, दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. गाडीच्या बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये हे होत नाही. पॉझिटिव्हची तार असते, परतीचा रस्ता मात्र गाडीची पत्र्याची बॉडी. प्रवाह तारेतून गेला आणि बॉडीतून भलत्याच वाटेने बॅटरीला परत आला, तर मधे एक मोठा फेरा तयार होतो. त्या फेऱ्यात तुम्ही बसलेले असता. हिशेब सोपा आहे: लांब सरळ तारेतून दहा अँपिअर जात असतील आणि परतीची तार जवळ नसेल, तर अर्ध्या मीटरवर क्षेत्र ४ मायक्रोटेस्ला भरतं. तेच दोन तारा चिकटून असतील तर जवळपास काही उरत नाही. बॅटरीचा हा प्रवाह बराचसा स्थिर असल्याने गॉसमीटर त्यातला सगळा भाग दाखवत नाही, फक्त अल्टरनेटर आणि मोटर त्यात जी थरथर मिसळतात ती दाखवतो. तरी आकडे कुठून येतात हे समजायला एवढं पुरे.

बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमचं म्हणूनच बघावं लागतं. बसवणारा कारागीर बॅटरीपासून डिकीतल्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाड लाल तार आणतो आणि अर्थिंग डिकीतच बॉडीला ठोकून मोकळा होतो. "अर्थिंगची तारही लाल तारेसोबतच बॅटरीपर्यंत आणा, भाऊ," एवढं सांगितलं की तार थोडी जास्त लागते, पण फेरा मिटतो. बहुतेकदा स्पीकरमधली घरघरही जाते. कारागिराला हे कारण पटकन पटतं, चुंबकीय क्षेत्राचं पटेलच असं नाही.

पायरी ५: टायर

ही बाब ऐकली की लोक हसतात. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो, तो कारखान्यात किंवा नंतर कधीतरी चुंबकित झालेला असू शकतो. टायर फिरला की ते चुंबक फिरतं आणि सीटवरचं क्षेत्र वरखाली होतं. अमेरिकेतले संशोधक सॅम्युएल मिलहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. काही गाड्यांत सीटच्या पातळीवर ते २ मायक्रोटेस्लाच्याही वर भरलं, आणि सगळं २० हर्ट्झच्या खाली.

वारंवारता काढायला मीटर लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना असतो तो १६५/८० आर १४ मापाचा टायर एका फेरीत सुमारे १.९५ मीटर जातो. त्यावरून सोपा ठोकताळा निघतो: ताशी वेगाला ७ ने भागा. ६० ला साडेआठ हर्ट्झ, ८० ला साडेअकरा, १०० ला चौदा, आणि समृद्धी महामार्गाच्या १२० च्या मर्यादेला सतरा. ३० हर्ट्झपासून ऐकणारा मीटर समृद्धीवरही या बाबतीत बहिराच राहतो.

तपासण्याची पहिली पद्धत फुकटची आहे. पुढच्या वेळी अलाइनमेंट-बॅलन्सिंगला जाल तेव्हा चाक मशीनवर चढवल्यावर कारागिराला ते हाताने हळू फिरवायला सांगा. फोन टायरपासून वीतभर अंतरावर स्थिर धरून फायफॉक्सचा आलेख बघा. साधं लोखंड आलेख एका जागी सरकवून ठेवतं, चुंबकित टायर मात्र प्रत्येक फेरीत आलेख वर-खाली झुलवतो. चारही चाकांचं करा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त झुलताना दिसलं तर वहीत नोंदवा.

दुसरी पद्धत रस्त्यावरची. फोन मागच्या सीटवर, टायरच्या वर येईल अशा कोपऱ्यात पट्ट्याने घट्ट बांधा आणि स्पेक्ट्रम सुरू करा. ६० वर गाडी स्थिर ठेवली की साडेआठच्या आसपास उंचवटा दिसायला हवा. ८० वर तो साडेअकराकडे सरकला तर तो टायरचाच. वेग बदलूनही जागेवर राहिला तर स्रोत दुसरा आहे. फोन सैल असेल तर तो नुसत्या हादऱ्यांनी पृथ्वीच्या क्षेत्रात डुलतो आणि खोटा उंचवटा दाखवतो, म्हणून बांधणं टाळू नका.

टायर चुंबकित निघाला तर काय? तारांचं चुंबकत्व काढता येतं, पण त्यासाठीचं डीमॅग्नेटायझर आपल्या टायरवाल्याकडे असण्याची शक्यता कमीच. सोपा उपाय म्हणजे टायर रोटेशन. तसंही ते दर काही हजार किलोमीटरला करायचं असतंच. जास्त झुलणारं चाक लहान मूल बसतं त्या कोपऱ्यापासून दूर टाका, झालं.

पायरी ६: चालत्या गाडीत

चालवणाऱ्याने फक्त चालवावं. आकडे दुसरा माणूस वाचेल आणि तोच लिहील. मीटर हातात धरून मोजू नका. एका जागी बांधा किंवा सीटवर टॉवेलात घट्ट रोवून ठेवा, कारण पृथ्वीच्या क्षेत्रात मीटर वळला की काही मीटर तो बदलही क्षेत्र म्हणून मोजतात.

रस्ते दोन निवडा. एक मोकळा, उदाहरणार्थ शिवमडक्यापासूनची समृद्धी. तिथे वेग स्थिर ठेवता येतो, बाहेरची लुडबुड कमी. मात्र तिथे नोंद लिहायला गाडी थांबवू नका. दुसरा शहरातला, वर्धा रोड. डबल डेकर पुलावर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, त्यावर मेट्रो अशी तीन मजली रचना आहे आणि मेट्रोची वरची तार २५ हजार व्होल्टची, ५० हर्ट्झची. कोराडी रोडने गेलात तर कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या रस्ता ओलांडतात. अशा ठिकाणी मीटर उसळला तर लगेच गाडीला दोष देऊ नका. सुरक्षित जागी बाजूला थांबा, इंजिन बंद करा. आकडा तसाच राहिला तर तो बाहेरचा. पत्र्याची बॉडी कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र फारसं अडवत नाही.

पायरी ७: गाडी इलेक्ट्रिक असेल तर

नागपूरला हे प्रकरण नवं नाही. मे २०१७ मध्ये देशातला पहिला इलेक्ट्रिक टॅक्सी-रिक्षांचा मोठा प्रकल्प याच शहरात सुरू झाला होता. तरी आजही शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच असतो की बॅटरीवर बसायचं म्हणजे अंगात काही जात तर नाही ना.

इथे बारा व्होल्टच्या उलटी गोष्ट आहे. मुख्य बॅटरीचा उच्चदाबाचा मार्ग बॉडीपासून पूर्ण वेगळा ठेवलेला असतो. नारंगी रंगाच्या दोन्ही तारा जोडीने जातात, त्यामुळे जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र बरंचसं खोडतात. शिवाय प्रवाह वाटतो तितका अवाढव्य नसतो. ३५० व्होल्टवर ६० किलोवॉट म्हणजे सुमारे १७० अँपिअर. साध्या पेट्रोल गाडीचा स्टार्टरही क्षणभर शंभराच्या वर ओढतो, आणि तोही बॉडीतून परत पाठवतो.

युरोपीय संघाच्या एका प्रकल्पात नॉर्वेच्या सिंटेफ संस्थेने सात इलेक्ट्रिक गाड्या, एक हायड्रोजनची आणि काही पेट्रोल-डिझेल गाड्या मोजल्या. इलेक्ट्रिक गाड्यांत सगळ्यात जास्त आकडा जमिनीलगत आला आणि तोही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या (ती पायरी ८ मध्ये) २० टक्क्यांच्या आत. डोक्याच्या उंचीवर २ टक्क्यांहून कमी. पेट्रोल-डिझेल गाड्यांत सुमारे १० टक्के. म्हणजे "इलेक्ट्रिक आहे म्हणून धोका" आणि "पेट्रोल आहे म्हणून शून्य" या दोन्ही समजुती चुकीच्या.

इलेक्ट्रिक गाडीत मोजताना वेगापेक्षा वेगबदलाकडे लक्ष द्या. एकदम जोर दिला की आकडा उसळतो, ब्रेक दाबून चार्जिंग परत बॅटरीत जाऊ लागलं की पुन्हा उसळतो, स्थिर वेगाला खाली येतो. रकान्यात सर्वाधिक आणि सरासरी दोन्ही लिहा. नारंगी तारेला मात्र मोजण्याच्या नावाखालीही हात लावायचा नाही.

जाताजाता: ई-रिक्षात प्रवासी बॅटरीच्या अगदी वर बसतो, व्होल्टेज कमी म्हणून त्याच कामाला प्रवाह जास्त लागतो. गाडीसाठी मीटर घेतलाच असेल तर एकदा सक्करदऱ्यापर्यंत ई-रिक्षाने जाऊन बघा. मला ते मोजमाप गाडीपेक्षा जास्त रंजक वाटतं.

पायरी ८: आकडा कशाशी ताडायचा

दोन मापदंड आहेत आणि त्यांचा हेतू वेगळा आहे.

पहिला इक्निर्पचा, म्हणजे अशा क्षेत्रांपासून आणि लहरींपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा. त्याच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामान्य लोकांसाठी ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला ही मर्यादा आहे. वारंवारता बदलली की मर्यादा बदलते. १० हर्ट्झला, म्हणजे टायरच्या पट्ट्यात, ती ५०० होते. त्यामुळे टायरचे २ मायक्रोटेस्ला या मापाने नगण्य. पण ही मर्यादा मज्जातंतूंवर होणाऱ्या तात्काळ परिणामावर बेतलेली आहे, वर्षानुवर्षांच्या संपर्कावर नाही.

दुसरा आकडा ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्ला. ही मर्यादा नाही. घरांतल्या क्षेत्राच्या अभ्यासांत सरासरी एवढ्याच्या वर असलेल्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाशी एक कमकुवत सांख्यिकी संबंध दिसला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या संस्थेने २००२ मध्ये कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला '२ बी', म्हणजे कदाचित कर्करोगकारक, या गटात ठेवलं. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. आणि ती सरासरी घरात दिवसरात्र राहिल्याची आहे, धरमपेठेतून हिंगण्याला जायच्या अर्ध्या तासाची नाही.

माझं मत विचाराल तर: इक्निर्पच्या मर्यादेशी तुलना करून गाडी वापरायची की नाही ते ठरवा, आणि दुसरा आकडा फक्त फुकटात कमी करता येईल तेवढं कमी करण्यासाठी वापरा. त्यासाठी गाडी विकणं किंवा हजारो रुपये घालवणं मला पटत नाही. दिवसभर गाडीत बसणाऱ्या टॅक्सीचालकाने मात्र वीस रकाने भरावेत, त्याचे तास वेगळे आहेत.

पायरी ९: फोनच्या लहरी

गाडीतला सगळ्यात ताकदवान रेडिओ स्रोत गाडीचा नसतो, तो तुमच्या खिशात असतो. फोरजी फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलीवॉट सोडतो, गाडीचं ब्लूटूथ साधारण काही मिलीवॉट. काचेवरच्या फास्टॅगला तर बॅटरीच नाही, टोलवरचा रीडर विचारेल तेव्हाच तो उत्तर देतो.

फोन सिग्नल कमकुवत झाला की शक्ती वाढवतो. पत्र्याच्या डब्यात, टॉवर बदलत धावताना, हे जास्त होतं. उन्हासाठी लावलेल्या धातूच्या थराच्या फिल्मने आणखी भर पडते. फिल्मचे कायदेशीर निकष, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत यावा, हे वेगळंच. उपाय एकच आणि तो सोपा आहे: फोन अंगावर न ठेवता होल्डरवर ठेवा, बोलणं गाडीच्या स्पीकरवर, लांबच्या प्रवासाचे नकाशे आधीच डाउनलोड. आपल्या फोनचं शोषण मूल्य (एसएआर, म्हणजे शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषतं तो आकडा) बघायचं असेल तर डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. भारतात कमाल मर्यादा दर किलोला १.६ वॉट आहे.

विकत काय घेऊ नये

'अँटी-रेडिएशन चिप' आणि सोनेरी स्टिकर. मोजायला यंत्र हाती आहे, तर स्टिकर लावण्याआधी आणि नंतर मोजून बघा. दुकानदारासमोरच बघा. सीटखाली ॲल्युमिनियमची फॉइल अंथरणंही व्यर्थ. ती रेडिओ लहरी अडवू शकते, टायरचं दहा हर्ट्झचं क्षेत्र तिला ओलांडून सरळ वर येतं.

पेसमेकर असलेल्यांसाठी

यांनी वरचे प्रयोग स्वतः करू नयेत, मीटर दुसऱ्याने धरावा. दिलासा देणारी गोष्ट अशी की म्युनिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हृदयात उपकरण बसवलेल्या १०८ रुग्णांना चार इलेक्ट्रिक गाड्यांत बसवून, चालवायला लावून आणि चार्जिंग करायला लावून तपासलं. कुणाच्याही उपकरणात अडथळा आढळला नाही. सर्वांत जास्त क्षेत्र चार्जिंगच्या केबलजवळ होतं, म्हणून केबल छातीशी धरून उभं राहू नये. फोन शर्टाच्या डाव्या खिशात नको, उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर दूर. चुंबकवाला फोन होल्डर आणि सुट्या स्पीकरचं मोठं चुंबक यांनाही हाच नियम. शंका असेल तर उपकरणाचं कार्ड घेऊन आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, ग्रुपवर नको.

पुन्हा कधी मोजायचं

टायर बदलले, म्युझिक सिस्टीम बसवली, अपघातानंतर वायरिंग उघडलं, किंवा जुनी गाडी विकत घेतली, तेव्हा. एरवी गरज नाही. वहीत तारखेबरोबर किलोमीटरचा आकडा, मीटरचं मॉडेल, त्याची वारंवारतेची कक्षा, ब्लोअर कितीवर होता आणि कोणतं चाक कोणत्या कोपऱ्यात होतं एवढं लिहा. पुढच्या वेळी तोच मीटर आणि तीच जागा वापरा.